वेशीवरचं परराष्ट्र खातं

निवृत्त झालो तरी कुणी जवळपास ‘ठराव’ हा शब्द उच्चारला की माझा उजवा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. परवा सून म्हणाली, “यंदा दिवाळीला अनारसे करायचे नाहीत असं ठरलंय.” मी सवयीनं विचारलं, “सूचक कोण, अनुमोदक कोण?” ती घरात नवी आहे, तिला वाटलं सासरे रागावले. बायकोनं तिला बाजूला घेऊन समजावलं, “अगं, रागावले नाहीत. ते ग्रामसेवक होते.”

ज्यांचा खेड्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा सचिव. आता आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालं, बॅग तेवढीच आहे. त्या बॅगेत शिक्का, शाईचा पॅड, दाखल्यांचं पुस्तक आणि जेवणाचा डबा. मी मूळचा वालूरचा, पण नोकरीची बरीच वर्षं पालम तालुक्यात गेली. पालमला घर, दोन गावांचा चार्ज आणि मध्ये एसटी. नळाला पाणी आलं नाही की भाऊसाहेब कुठं आहेत, अशी विचारणा होते. पाणी आलं की भाऊसाहेब जिवंत आहेत की नाहीत याची कुणाला फिकीर नसते. ‘भाऊसाहेब’ म्हणजे मीच. ग्रामसेवकाला गावात दुसरं नाव नसतं.

ठराव म्हणजे काय, तर गावाचं मत कागदावर उतरवणं. एक जण सुचवतो तो सूचक, दुसरा पाठिंबा देतो तो अनुमोदक, बाकीचे भांडतात आणि मी ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहितो. नोकरीत मी किती प्रकारच्या सविस्तर चर्चा झालेल्या पाहिल्या ते माझं मला ठाऊक. वनखात्यानं आपली माकडं परत घेऊन जावीत, असा एक ठराव मी लिहिला आहे. गावचा एक नामांकित बैल गेला तेव्हा श्रद्धांजलीचा ठराव आला. बैलासाठी उभं राहायचं की नाही यावर अर्धा दिवस गेला आणि शेवटी बसून श्रद्धांजली वाहायची असं ठरलं. एका बाळंतिणीसाठी गाडी वेशीत थांबवून ठेवणाऱ्या एसटी ड्रायव्हरचं अभिनंदन केलं, तो ठराव त्यानं फ्रेम करून घरात लावला आहे. बाहेरच्यांना हसू येतं. पण गावाच्या हातात पोलिस नाही, कोर्ट नाही, पैसाही बेताचा. मत तेवढं हक्काचं असतं आणि ते नीट लिहिणं हा माझा धंदा होता.

आता ज्या ठरावाबद्दल सांगायला बसलो आहे तो थेट परदेशात गेला. माझ्या चार्जमधल्या त्या गावाचं आणि त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशाशी आमच्या गावाचे संबंध सध्या सुरळीत आहेत, ते पुन्हा कशाला बिघडवा?

तसं आमच्या गावाला परराष्ट्र खातं कोरोनानंच दिलं. गाव नदीकाठाला, एका ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे दुसरं गाव. लॉकडाऊन लागला तसं दोन्ही गावांनी वेशीवर वेड्या बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि एक बांबू आडवा बांधला. इकडचं माणूस तिकडं नाही, तिकडचं इकडं नाही. ऊसतोडीला गेलेली आपलीच माणसं परत आली, तर त्यांनाही आधी शाळेत नाहीतर शेतातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत ठेवायचं. हे सगळे ठराव माझ्याच अक्षरात आहेत. वरचा आदेश होता हे खरं, पण वैशाखाच्या उन्हात लेकराबाळांसकट कोपीत बसलेली माणसं आठवली की आजही बरं वाटत नाही.

काही दिवसांनी अडचण उभी राहिली. आमच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली आणि मिस्त्री परभणीत अडकला. पलीकडच्या गावात गिरणी चालू, पण तिथं आरोग्य उपकेंद्र नाही, ते आमच्याकडे. त्यांच्या गरोदर बायका आणि आमच्या ज्वाऱ्या, दोन्ही ओढ्यावर अडून राहिल्या.

आमच्या सरपंच गयाबाई. यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. बाई सरपंच झाली की नवरा खुर्चीत बसतो, हा आमच्याकडचा सर्रास प्रकार. गयाबाईंच्या मालकानं पहिल्याच सभेत तसा प्रयत्न केला, तेव्हा बाई म्हणाल्या, “तुमी शेळ्या सोडून आलाव का हितं? जावा, त्या कुणाच्यातरी रानात शिरल्या असतील.” ते गेले ते परत पंचायतीत आले नाहीत. बाई स्वतः तरुणपणी कोयता घेऊन ऊस तोडून आलेल्या. शाळा जेमतेम, पण बोलणं असं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारात पडायचा.

तर गयाबाई ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडचे सरपंच पलीकडे, अशी शिखर परिषद भरली. मध्ये गुडघाभर पाणी आणि मी वहीपेन घेऊन दगडावर. गयाबाईंनी तोडगा मांडला. दोन्ही गावांच्या आशाताईंनी ताप-खोकला तपासून चिठ्ठी द्यायची. आमच्या चिठ्ठीवर तुम्ही दळण द्या, तुमच्या चिठ्ठीवर आम्ही दवाखाना देतो.

पलीकडून आवाज आला, “तुमच्या आशाच्या चिठ्ठीवर भरवसा कसा ठेवायचा?”

“तुमच्या गिरणीतल्या पिठात काय असतंय ते आमी कवा इचारलं का?” गयाबाई ओरडल्या.

पलीकडची माणसं हसली आणि करार झाला. ‘चिठ्ठीला चिठ्ठी’ हे त्याचं नाव. लॉकडाऊनभर तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

पुढं लस आली, फांद्या निघाल्या. बांबू मात्र वेशीवरच राहिला, कारण तो काढायचा ठराव कुणी मांडला नाही.

यानंतर एक दिवस अश्विनी पंचायतीत आली. अश्विनी म्हणजे किसन आणि कौसाबाई या ऊसतोड जोडप्याची मुलगी. आईबाप दरसाल दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघायचे, पण या पोरीला त्यांनी कधी उसाच्या फडावर नेलं नाही. मामाच्या घरी, मग वसतिगृहात ठेवून शिकवलं. परभणीला नर्सिंग झालं, नांदेडला नोकरी लागली आणि लगेच कोरोना वॉर्डात ड्युटी. आईबापांना आम्ही कोपीत ठेवलं तेव्हा ही सुट्टी काढून आली होती आणि बांधावर लांब उभी राहून त्यांना “ताप हाय का, खोकला हाय का” विचारत होती. त्यातच तिनं परदेशी जायचं मनावर घेतलं. युरोपातल्या त्या देशात नर्सेस कमी. तिनं मोबाइलवर ती भाषा शिकली, परीक्षा पास झाली. बोलायला कुणी नव्हतं म्हणून गावी आली की म्हशीशी त्या भाषेत बोलायची. म्हैस ऐकायची असं कौसाबाई आजही शपथेवर सांगतात.

तिकडच्या एका जिल्ह्याच्या दवाखान्यानं तिला नेमणूक दिली होती. सगळं जमलं आणि लसीवर अडलं. ड्युटीवर असताना तिनं जी लस घेतली ती आपल्याच देशात शोधलेली आणि तयार झालेली. त्या देशानं ग्राह्य लसींची यादी केली होती, तिच्यात ही नव्हती. दुसऱ्या लसीचे डोस घ्यावेत तर इथले नियम आड येत होते. जगाच्या आरोग्याचा कारभार बघणारी मोठी संस्था कागद तपासत होती, दिल्लीचे साहेब तिकडच्या साहेबांशी बोलत होते. पेपरात रोज येत होतं. दवाखान्यानं तिला कळवलं होतं, की नवीन वर्ष लागेपर्यंत थांबतो, पुढं जागा दुसऱ्या कुणाला देऊ.

अश्विनीनं हे सगळं सांगितलं आणि दवाखान्याचं पत्र टेबलावर ठेवलं. गयाबाईंनी एकच प्रश्न विचारला, “म्हंजे आपली चिठ्ठी मानंनात व्हय ते?”

“न्हाई मानत, मावशी.”

“भाऊसाहेब, ग्रामसभा लावा.”

मी म्हणालो, “बाई, परराष्ट्र व्यवहार हा केंद्र सरकारचा विषय आहे. आपल्या अखत्यारीत गटारी, दिवाबत्ती आणि नळ.”

“पोरगी कुणाच्या अखत्यारीत हाय?”

मी नोटीस काढली.

ग्रामसभा शाळेच्या मैदानावर भरली. एरवी गणपूर्तीसाठी आम्हाला चौकाचौकातून माणसं गोळा करावी लागत. त्या दिवशी मैदान भरलं. तिकडची लस, इकडची लस, कुणाच्या लसीनं किती ताप आला, यावर प्रत्येकाकडे स्वतःच्या दंडाचा पुरावा होता. उपसरपंच बाबूराव उभे राहिले. नदीकाठी त्यांचा मोठा ऊस, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची त्यांना सवय. ते म्हणाले, “नुस्ती विनंती करून चालायचं न्हाई. अरेला कारे पायजे. ते आपली लस मानत न्हाईत, तर आपणबी त्यांची मानायची न्हाई. त्या देशाचा माणूस आला तर त्याला वेशीच्या आत घ्यायचं न्हाई! लिवा, भाऊसाहेब. सूचक मी.”

टाळ्या पडल्या. त्या देशाचा माणूस गावच्या इतिहासात कधी आला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना शूर व्हायला अडचण नव्हती.

“अनुमोदक मैं!” रऊफचाचा ओरडले. चाचा पंचायतीचे सदस्य, वेशीवर त्यांचं पंक्चरचं दुकान. कोरोनात बांबू वरखाली करायचं काम त्यांच्याकडेच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “त्यातच आमच्या गल्लीची पाइपलाइनबी घाला.” हे तुकाराममामा. प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक विषयात त्यांची पाइपलाइन असे.

मी म्हणालो, “मामा, हा ठराव परदेशात जाणार. त्यांना तुमची पाइपलाइन कशी कळणार?”

“कळू द्या की. कुणाला तरी लाज वाटंल.”

पाइपलाइन मी घेतली नाही. गयाबाईंना बाबूरावांचं कलम फारसं रुचलं नव्हतं. “बांबू आपण लय दिवस बांधला,” त्या म्हणाल्या. “त्यानं कुणाचं भलं झालं? चिठ्ठीला चिठ्ठी, ते लिवा.” पण बहुमत बाबूरावांकडे होतं. शेवटी तीन कलमांचा ठराव झाला. एक, त्या देशानं आपली लस ग्राह्य धरावी. दोन, तोवर त्या देशाच्या नागरिकास त्यांच्या लसीच्या प्रमाणपत्रावर गावात प्रवेश नाही. तीन, त्यांनी आपली चिठ्ठी मानायचं कबूल केल्यास गावही त्यांची मानेल.

प्रती तहसील, कलेक्टर ऑफिस, दिल्ली आणि त्या देशाच्या वकिलातीला रवाना केल्या. पंचायत समितीत पुढचे काही दिवस मी दिसलो की सहकारी उठून उभे राहत आणि म्हणत, “या, राजदूत, बसा.” गटविकास अधिकाऱ्यांनी तर चहा मागवून मला विचारलं, की शेजारच्या नांदेड जिल्ह्याशी आपले संबंध कसे आहेत? उत्तर मात्र कुठूनच आलं नाही. अश्विनी रोज मोबाइलवर ती यादी उघडून बघायची आणि बंद करायची. नवीन वर्ष जवळ येत होतं.

त्या हंगामात तोडणीला मजुरांची टोळी मिळेना, म्हणून बाबूरावांनी ऊस तोडायचं मशीन मागवलं. चार माणसांच्या उंचीचं धूड शेतात उतरलं, गाव बघायला लोटलं आणि दुसऱ्याच दिवशी ते उसात मधोमध बंद पडलं. पुण्याचा मेकॅनिक आला, डोकं खाजवून गेला. म्हणाला, याच्या आतल्या कॉम्प्युटरचं दुखणं आहे, कंपनीचा परदेशी इंजिनिअर सध्या एका कारखान्यावर आलेला आहे, तोच पाहिजे. बाबूरावांनी हातापाया पडून त्याला यायला कबूल करवलं.

इंजिनिअरची जीप वेशीत आली ती चाकात हवा कमी म्हणून नेमकी रऊफचाचांच्या दुकानासमोर थांबली. चाचांनी आधी हवा भरली, मग ड्रायव्हरला सहज विचारलं, “साब कौनसे मुल्क के?” ड्रायव्हरनं सांगितलं. चाचांनी हात पुसले, शांतपणे वेशीकडे गेले आणि बांबू खाली घेतला.

मी पंचायतीतून पळत पोचलो तेव्हा बाबूराव आधीच तिथं होते, घामाघूम.

“चाचा, माझा पाव्हणा हाय तो! ऊस वाळायलाय तिकडं!”

“सूचक कौन? आप,” चाचा म्हणाले. “अनुमोदक कौन? मैं. तुम्हारी बात को मैं नीचे नै गिरने देता, बाबूराव.”

“अहो, ते बोलायच्या भरात बोललो मी!”

“भाऊसाब ने लिख्या है. सही है तुम्हारी.”

चाचांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. डोळे मात्र हसत होते. आठवडाभर आधी बाबूरावांनी त्यांच्या दुकानापुढं नवा ट्रॅक्टर लावून रस्ता अडवला होता, त्याचंही थोडं व्याज यात होतं. बाबूराव माझ्याकडे वळले, “भाऊसाहेब, ठराव रद्द करा.” ठराव ग्रामसभेनं केलेला, तो मी एकटा कसा रद्द करणार? माझी काळजी वेगळीच होती. परदेशी नागरिकाला गावानं अडवलं हे वर कळलं तर मला नोटीस ठरलेली. मी गटविकास अधिकाऱ्यांना फोन केला. “साहेब, तो ठराव आठवतो का? त्या देशाचा माणूस आलाय.” पलीकडे खुर्ची सरकवून दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “आधी त्याला चहा पाजा. मी हे ऐकलेलंच नाही.” आणि फोन ठेवला.

गयाबाई शेतातून आल्या, हातात खुरपं तसंच. इंजिनिअर जीपमधून उतरून उभा होता. तरणाबांड, उंच, उन्हानं लालेलाल, आणि एका बाईला लोखंडी हत्यार घेऊन येताना पाहून थोडा मागं सरकलेला. गयाबाईंनी खुरपं कमरेला खोचलं, लिंबाखाली बाज टाकायला लावली आणि त्याला बसवलं. मग म्हणाल्या, “अश्विनीला बोलवा.”

अश्विनी आली आणि त्याच्या भाषेत त्याला नमस्कार वगैरे म्हणाली. तो बाजेवरून ताडकन उठला. परभणी जिल्ह्यात, पंक्चरच्या दुकानासमोर, कुणी आपल्या बोलीत बोलेल हे त्याच्या स्वप्नातही नसणार. अश्विनीनं त्याला ठराव कलमाकलमानं वाचून दाखवला. दुसऱ्या कलमाला त्याचे कान आणखी लाल झाले. तो काहीतरी बोलला.

“म्हणायलाय, मी मशीन दुरुस्त करणारा माणूस. सरकारची यादी माझ्या हातात न्हाई,” अश्विनीनं सांगितलं.

“आमच्या तरी कुठं हाय?” गयाबाई म्हणाल्या. “इचार त्याला, त्याच्या गावाला पंचायत हाय का?”

होती. लहानसं गाव, गाईंचा गोठा घरोघरी, रानात बीट. त्यांच्याकडं साखर बिटापासून होते हे ऐकून आमच्या ऊसवाल्यांनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. पंचायत आगीच्या बंबाच्या खोलीवर भरते आणि सरपंच एक बाई आहेत, त्यांची पावाची भट्टी आहे.

“लाव फोन,” गयाबाई म्हणाल्या.

तिकडं तेव्हा सकाळ होती. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, कोपरापर्यंत पिठात हात असलेल्या बाई आल्या. आपल्या गावच्या पोराभोवती एवढा जमाव बघून त्या घाबरल्या असाव्यात. त्यांनी काही विचारलं, त्यानं काही सांगितलं, आणि त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की चाचांचं कुत्रं भुंकायला लागलं.

“तुमच्याकडं ठराव घेता का?” गयाबाईंनी अश्विनीमार्फत विचारलं.

“घेतो. भांडणं लय होतेत, म्हणायल्यात.”

“मग आपलं जमंल.”

यानंतर गयाबाईंनी चिठ्ठीला चिठ्ठीची सगळी हकिकत सांगितली, ओढा, गिरणी, दवाखाना. अश्विनी भराभर त्या भाषेत सांगत होती. न अडखळता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखी. शेवटी गयाबाई म्हणाल्या, “आता सांग, ज्या पोरीची चिठ्ठी तुमी मानंना, ती ही समोर हाय.”

अश्विनी थांबली. फोन हातात, नजर जमिनीवर. पडद्यावरच्या बाई वाट बघत होत्या.

गर्दीच्या मागून कौसाबाई पुढं आल्या. ही बाई ग्रामसभेत अंगठा करायची तेवढीच, तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “सांग ना गं,” त्या म्हणाल्या. “लाजायलीस कामून? म्हण, माझी माय मुलखामुलखात ऊस तोडत हिंडली, माझं बूड एका जागी बसून शिकणं व्हावं म्हून. म्हण तिला. तीबी बाईच हाय.”

अश्विनीनं डोळे पुसले आणि आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला ती भाषा कळत नाही, पण कुठं ‘माय’ आली ते मला कळलं. तिकडच्या बाईंनी पिठाचे हात हळूहळू पदराला पुसले, म्हणजे त्यांच्या अॅप्रनला, आणि थोडक्यात काही बोलल्या.

“म्हणायल्यात, दवाखाना त्यांच्याच भागातला हाय. वचन देत न्हाई, पण स्वतः जाऊन बोलते. आन येत्या बैठकीत हा विषय घेते.”

“झालं की,” गयाबाई म्हणाल्या. “कलम तीन. चाचा, बांबू वर घ्या.”

“सभा की इजाजत?”

मैदान नव्हतं, नोटीस नव्हती, पण हात मात्र सगळे वर होते. कुणी दोन्ही हात वर केले होते, बाबूराव त्यातलेच. मी तिथंच पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, ‘सविस्तर चर्चा झाली.’ मशीन संध्याकाळी चालू झालं. पाव्हण्यानं बाबूरावांच्या घरी धपाटे आणि ठेचा खाल्ला. ठेच्यानंतर तो बराच वेळ त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, पण ते सांगायला अश्विनी तयार झाली नाही.

काही आठवड्यांनी पंचायतीत परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. आत त्यांचा ठराव, गोल शिक्का आणि सह्या. अश्विनीनं तो ग्रामसभेत वाचला. त्या गावानं आपल्या सरकारला यादीचा फेरविचार करायची विनंती केली होती. सरपंचबाई दवाखान्यात जाऊन आल्या होत्या आणि दवाखाना पावसाळ्यापर्यंत जागा राखायला तयार झाला होता. अश्विनी हे वाचताना दोनदा थांबली. शेवटी एक बारीक ओळ होती. एका सदस्यानं आपल्या शेताच्या रस्त्याचा विषय याच ठरावात घालावा अशी सूचना केली, ती फेटाळण्यात आली.

“बगा!” तुकाराममामा उभे राहून गरजले. “म्या म्हणलं नव्हतं?” त्यांना परदेशात आपलं माणूस सापडलं होतं. त्या आनंदात पुढच्याच सभेत त्यांची पाइपलाइनही मंजूर झाली.

पावसाळ्याच्या तोंडाशी यादी बदलली आणि तीत आपली लस आली. ती कुणामुळे आली हे मला माहीत आहे. शास्त्रज्ञांनी कागद दिले, मोठ्या संस्थेनं तपासले, दिल्लीचे साहेब बोलले. आमच्या ठरावामुळे जागा तेवढी राहिली. पण हे गावात सांगून बघा. बाबूराव आजही सांगतात, की त्यांनी बांबू आडवा केला म्हणून युरोप नरमला. तो बांबू सगळ्यात जास्त कुणाला लागला, हे चाचा लगेच आठवण करून देतात.

माझ्या निरोपाच्या दिवशी पंचायतीत शाल-नारळ झालं. भाषणं झाली. बाबूरावांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, ज्यात त्यांचं स्वतःचं कलम अजूनही वाचता येतं. मग मला बोलायला सांगितलं. आता ग्रामसभेला माणसं येत नाहीत, सह्या घरोघर जाऊन घ्याव्या लागतात, भांडायलासुद्धा कुणी जमत नाही, असं काहीतरी बोललो आणि बसलो. तेवढ्यात गयाबाईंचा फोन वाजला. अश्विनीनं फोटो पाठवला होता.

फोटोत त्या पावाच्या भट्टीच्या सरपंचबाई. बाही दंडापर्यंत वर, शेजारी नर्सच्या कपड्यात आमची अश्विनी, दोघी हसताहेत. तिकडं थंडीच्या आधी वयस्क माणसांना लस देतात, ती देऊन झाली होती. बाईंनी आपलं लसीचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. लस देणाऱ्याच्या सहीच्या जागी निळ्या शाईत, स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, ‘अश्विनी किसन’.

फोन हातोहात फिरला. गयाबाई म्हणाल्या, “बगा, आता त्यांची चिठ्ठी आपल्या पोरीच्या सहीनं चालायलीय.”

कौसाबाई दाराशी बसल्या होत्या. फोन त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं, “भाऊसाहेब, तिचं नाव कंचं?” मी त्यांचं बोट धरून सहीवर ठेवलं. कोयत्यानं चिरलेलं ते बोट त्यांनी तिथून हलवलं नाही.

“आन हे मानतेत व्हय तिथं?” त्यांनी विचारलं.

“मानतात, कौसाबाई,” मी म्हणालो.